‘उचू सेन्कान यामातो’ : परतीचा अर्थ
१९७४ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उचू सेन्कान यामातो’ या अॅनिमेशन मालिकेवर युद्धनौकेच्या उदात्तीकरणाचा आक्षेप घेतला जातो. तो अंशतःच ग्राह्य ठरतो. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे निघालेली मूळ यामातो अमेरिकी विमानहल्ल्यात बुडाली. सुमारे ३,००० नौसैनिक मृत्युमुखी पडले. परतण्याची अपेक्षा त्या मोहिमेत नव्हतीच. मालिकेतील यामातोला मात्र किरणोत्साराने होरपळलेल्या पृथ्वीसाठी शुद्धीकरण यंत्र घेऊन वर्षभरात परत यावेच लागते. येथे आत्मबलिदान नव्हे, परतणे हेच कर्तव्य ठरते. तरीही जुना संस्कार पुरता सुटलेला नाही. कोरड्या समुद्रतळावरून नौका उठते ती अखंड. प्रत्यक्षातील अवशेष दुभंगलेले असल्याचे १९८५ मध्ये, म्हणजे मालिकेनंतर, स्पष्ट झाले. अखेरीस पृथ्वी दृष्टीस पडताच कप्तान ओकिता प्राण सोडतो. नौका मात्र पोहोचते.