जंतू मेले, पण जखम भरली का?

खेळाच्या तासाला गुडघा फोडून आलेल्या मुलाला आपण काय सांगतो? 'जखम धुऊन घे, हवा लागू दे, खपली धरली की बरी होईल.' यातला धुण्याचा सल्ला पक्का आहे. हवा आणि खपली यांचे म्हणणे मात्र १९६२ सालीच डळमळीत झाले. त्या वर्षी जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या कातडीवर सारख्या उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याखाली झाकल्या. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. उघड्या जखमेत खपलीखालचा थर वाळतो आणि नव्या पेशींना त्याच्याखालून वाट काढावी लागते. ओल्या पृष्ठभागावरून त्या सहज सरकतात.

ओल टिकवण्यासाठी हायड्रोजेल सोयीचे ठरले. बहुवारिकाच्या लांब साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधल्या की जाळे तयार होते आणि त्यात पुष्कळ पाणी अडकून राहते. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी प्राग येथे केलेले अशा जेलवरील काम १९६० साली प्रसिद्ध झाले. पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आली. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या द्रावणावर गॅमा किरण सोडून जखमेवर ठेवायचे जेल तयार केले. तेच किरण साखळ्या बांधतात आणि तेच जेल निर्जंतुक करतात. असे जेल थंडावा देते आणि काढताना नवी त्वचा ओरबाडत नाही.

यापुढची पायरी म्हणजे जेलमध्येच जंतुनाशक घालणे. चांदीचे सूक्ष्मकण, कायटोसान, प्रतिजैविके अशा नाना गोष्टी घातलेल्या जेलवरील शोधनिबंध सतत प्रसिद्ध होत असतात आणि 'जखमा झटपट भरणारे जेल' म्हणून त्यांच्या बातम्याही होतात. या संशोधनाला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप आहे तो पुरावा म्हणून जे पुढे केले जाते त्याला.

पहिला पुरावा वर्तुळाचा. जिवाणू वाढवलेल्या अगारच्या थाळीवर जेलची चकती ठेवतात. तिच्याभोवती जिवाणू वाढले नाहीत की स्वच्छ कडे दिसते. कडे जितके मोठे तितके जेल चांगले, असा समज होतो. परंतु कड्याची रुंदी औषध अगारमधून किती सहज पसरते यावरही अवलंबून असते. भराभर औषध सोडणारे जेल पहिल्या दिवशी मोठे कडे दाखवील आणि लवकरच रिकामे होईल. उलट जंतुनाशक जाळ्यालाच घट्ट बांधलेले असेल, तर स्पर्शाने जिवाणू मारूनही त्याच्याभोवती कडे दिसणार नाही. शिवाय जुनाट जखमेतले जिवाणू स्वतः स्रवलेल्या चिकट थरात दडून राहतात. तिथे औषध सहजी पोचत नाही.

ही अडचण नवी नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर काम करताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला पोकळ काटे काढून एक कृत्रिम जखम बनवली होती. तीत दूषित द्रव भरून नंतर जंतुनाशक ओतले, तरी काट्यांच्या टोकांशी जंतू शिल्लक राहत आणि पुन्हा वाढत. जंतुनाशके रक्तातील पांढऱ्या पेशींनाही मारतात, हेही त्यांनी दाखवले.

दुसरा पुरावा फुगण्याचा. जेल स्वतःच्या वजनाच्या किती पट पाणी धरते हे पुष्कळदा शुद्ध पाण्यात मोजतात. जखमेतला स्राव शुद्ध पाणी नसतो. त्यात क्षार आणि प्रथिने असतात. याने काय फरक पडतो हे वर्गात दाखवता येईल. बाळाच्या डायपरमधली पांढरी भुकटी, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, कापसातून हलक्या हाताने झटकून घ्यावी. ती नाकाडोळ्यांत जाऊ देऊ नये. चमचाभर भुकटीवर पेलाभर पाणी ओतले की घट्ट जेल होते. आता त्यावर मीठ भुरभुरावे. जेल खचते आणि पाणी सुटते. विद्युतभार नसलेल्या बहुवारिकांच्या जेलवर मिठाचा परिणाम बराच कमी होतो, पण मोजमाप जखमेसारख्या द्रवातच हवे, हे मुलांना पटेल.

तिसरा पुरावा उंदराचा. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. त्यामुळे त्याची जखम मुख्यतः कडा आक्रसून मिटते. माणसात नवी उती भरून तिच्यावर त्वचा पसरण्याला अधिक महत्त्व असते. यासाठी काही संशोधक उंदराच्या जखमेभोवती कडी शिवून आक्रसणे रोखतात. तसे केले आहे की नाही, हे वाचताना पाहिले पाहिजे.

मग खरी कसोटी कोणती? तुलनेसाठी 'तेच जेल, पण जंतुनाशकाशिवाय' घेणे. औषधी जेलची तुलना केवळ कोरड्या गॉजशी केली, तर जखम लवकर भरण्याचे श्रेय ओलाव्याचे की औषधाचे, हे ठरतच नाही. वनस्पतीला प्रकाश हवा हे दाखवताना आपण दोन्ही कुंड्यांना सारखे पाणी घालतो, त्यातलाच हा नियम.

चांदीच्या बाबतीत अशी कसोटी ब्रिटनमध्ये झाली. ती जेलची नव्हती, चांदी सोडणाऱ्या पट्ट्यांची होती. शिरांच्या विकाराने पायावर व्रण झालेल्या २१३ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत चांदीच्या गटात ५९.६ टक्के रुग्णांचे व्रण भरले, तर बिनचांदीच्या गटात ५६.७ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. अशा व्रणाचे मूळ शिरांमध्ये तुंबलेल्या रक्तात असते. जंतू कमी केले तरी ते मूळ राहते. मधुमेही रुग्णाच्या पायाचेही तसेच. तिथे संवेदना गेलेली असते, तळव्यावर दाब येतो आणि रक्तपुरवठाही कमी असू शकतो.

याचा अर्थ जंतुनाशक जेल निरुपयोगी आहे असा नाही. मोठ्या भाजण्यात जंतुसंसर्ग जिवावर बेततो; तिथे जंतूंना रोखावेच लागते. मात्र तिथेही सावधपणा हवा. भाजलेल्यांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारे साल्मोनेला जिवाणू आढळल्याचे अमेरिकेतील बॉस्टनहून १९७५ सालीच कळवले गेले होते. गरज नसताना प्रत्येक खरचटण्यावर चांदी लावणे म्हणजे अशा जिवाणूंची निवड करणे होय.

जुनाट जखमेचा रुग्ण महिनोन्‌महिने पट्ट्या बदलत असतो आणि बहुतेकदा खिशातून पैसे मोजत असतो. महागडी पट्टी घ्यावी की नाही हे त्याने बातमीवरून ठरवू नये. अशी बातमी वर्गात आणावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगावे. मोजले काय, जंतू की भरलेली जखम? कोणावर मोजले? आणि तुलना कशाशी केली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बातमीत सापडले नाही, तर जंतू मेले एवढेच खरे धरावे.