हृदयविकाराचे ‘मूळ’ आणि मराठीतील ‘मुळे’

रक्त साकळविणाऱ्या घटकांतील आनुवंशिक भेद आणि हृदयविकार यांचा संबंध मराठीतील आरोग्यविषयक लेखनात अनेकदा मांडला जातो. या लेखनात माहितीची उणीव असते असे नाही. उणीव असते ती शब्दयोजनेच्या काटेकोरपणाची. तिचा परिणाम भाषेपुरता मर्यादित राहत नाही, म्हणून तिची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

पहिला घोटाळा ‘शीर’ या शब्दाचा होय. परिभाषेत धमनी निराळी आणि शिरा निराळी. परंतु बोलीत दोहोंना ‘शीर’ किंवा ‘नस’ हा एकच शब्द पुरतो. ‘शिरेत गुठळी झाली’ या वाक्यावरून ती पायात झाली की हृदयात, आणि रक्त कोणत्या दिशेने वाहत होते, याचा बोध होत नाही. १९९४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे साकळण्याच्या पाचव्या घटकातील एक जनुकभेद उजेडात आला. या प्रथिनात ५०६व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन येते. साकळण्याची क्रिया आवरणारे सक्रिय सी-प्रथिन एरवी त्या ठिकाणी या घटकाला छेदते. तो छेद नीट बसत नाही आणि रक्त साकळण्याची प्रवृत्ती लांबते. त्यामुळे पायांतील खोल शिरांत गुठळी होण्याचा संभव कित्येक पटींनी वाढतो, हे निर्विवाद आहे.

हृदयविकाराचा झटका मात्र धमनीतील घटना आहे. तेथे भिंतीवर वर्षानुवर्षे साठलेला मेदाचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी बनते. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ६६,१५५ रुग्ण आणि ९१,३०७ इतर व्यक्ती यांवरील अभ्यासांचे संकलन प्रसिद्ध झाले. त्यात लायडन भेदाच्या एका प्रतीमागे हृदयरोगाचा संभव सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे जेथे शंभरांत दहा जणांना रोग व्हावयाचा, तेथे तो बारांनाही होणार नाही. शिवाय हा भेद युरोपीय लोकांत बराच आढळतो, भारतीयांत विरळा. ‘शीर’ या एका शब्दाच्या आश्रयाने पायाच्या शिरेसंबंधीचे मोठे प्रमाण हृदयाच्या धमनीला लावले गेले, तर विधान विपरीत होते.

दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ या नामापासून आले आहे, आणि ते कारणाची ग्वाही देते. यवतमाळ जिल्ह्यातील महागावासारख्या तालुक्याच्या वाचकाला सिकलसेल हा शब्द परका नाही. तेथे ‘या जनुकामुळे हा आजार होतो’ हे वाक्य यथार्थ आहे. सदोष जनुक आईकडून आणि वडिलांकडून असे दोन्हींकडून आले की रोग ठरलेला. तीच वाक्यरचना जेव्हा ‘फायब्रिनोजेन वाढल्यामुळे हृदयविकार होतो’ अशी पुढे सरकते, तेव्हा वाचकाने तीही तितकीच पक्की मानावी यात नवल नाही.

वस्तुतः १९८६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क येथील पाहणीत दिसले ते साहचर्य : ज्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन अधिक, त्यांच्यात हृदयविकार अधिक. परंतु धूम्रपानाने फायब्रिनोजेन वाढते, शरीरातील दाहानेही वाढते. आणि ही दोन्ही हृदयालाही घातक आहेत. मग कारण कोणते? येथे जनुकभेदच निर्णयाला उपयोगी पडला. जनुक गर्भधारणेच्या वेळीच वाट्याला येते, पुढे जडणाऱ्या सवयींवर अवलंबून नसते. ज्यांच्यात जन्मतःच फायब्रिनोजेन किंचित अधिक बनते अशांची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,६८५ रुग्णांच्या आधारे झाली. त्यांच्यात हृदयविकाराचा संभव वाढलेला दिसला नाही.

न्यायशास्त्रात अशा गोष्टीस ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, घट बनण्यापूर्वी ते हजर असते. तरी ते घटाचे कारण नव्हे. आपल्या परंपरेत हा विवेक इतका जुना असताना त्याचा लाभ वैद्यकीय मराठीने घेऊ नये, हे खेदजनक आहे.

सामान्य वाचकासाठी भाषा सुलभ हवी, असा आक्षेप यावर संभवतो. परंतु ‘मुळे’च्या जागी ‘बरोबर आढळते’ असे लिहिल्याने वाक्य दुर्बोध होत नाही. तसेच ‘मुळे’ सर्वत्र टाळावे असेही नाही. यकृताकडून घातक कोलेस्टेरॉल नीट उचलले जाऊ न देणारा जनुकदोष काही कुटुंबांत असतो आणि त्यामुळे ऐन तारुण्यात हृदयविकार होतो. तेथे हे अव्यय पूर्णपणे शोभते, आणि अशा घरातील भावंडांची तपासणी अवश्य व्हावी.

प्रश्न आहे तो योग्य जागेचा. ‘आमच्या रक्तातच आहे’ असे म्हणून तंबाखू व रक्तदाब यांकडे दुर्लक्ष करणारा मनुष्य प्रत्येक गावी भेटतो. पुराव्याने न दिलेले ‘मुळे’ त्याच्या हाती देणारा लेखक त्याच्या दैववादाला शास्त्राचा आधार पुरवितो. असा लेख तपासणाऱ्याने प्रत्येक ‘मुळे’पाशी थांबून दोन गोष्टी विचाराव्यात : रक्तवाहिनी कोणती, आणि पुरावा कारणाचा की साहचर्याचा?