'२००० टक्के शोषण' : आत्याची डबी आणि १९९८चा एक पेपर

दिवाळीत कळंबला आत्याकडे गेले होते. जेवणं झाल्यावर तिने कपाटातून एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. "तू औषधांचंच शिकतेस ना? मग बघ, ही रोज घेऊ का? गुडघ्यासाठी आणलीय." डबीवर लिहिलं होतं : कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम, पायपरीन ५ मिलिग्रॅम. आणि खाली ठळक अक्षरांत, '२००० टक्के अधिक शोषण'.

हा आकडा हवेतून आलेला नाही. त्याच्या मागे खरा पेपर आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मला वाटतं. पेपर वाईट आहे म्हणून नव्हे. चांगल्या पेपरातला एक आकडा सुटा झाला की त्याचं काय होतं, ते त्यातून कळतं म्हणून.

१९९८ साली 'प्लांटा मेडिका' या नियतकालिकात शोबा आणि सहकाऱ्यांचा हा पेपर आला. प्रश्न सरळ होता. हळदीतलं कर्क्युमिन तोंडाने घेतलं तर रक्तात जेमतेम पोचतं. मिरीतलं पायपरीन सोबत दिलं तर फरक पडतो का? उंदरांत जैवउपलब्धता १५४ टक्क्यांनी वाढली, माणसांत २००० टक्क्यांनी. माणसांना डोस होता २ ग्रॅम कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम पायपरीन.

आता टक्के बाजूला ठेवा आणि मूळ आकडे बघा. नुसतं कर्क्युमिन घेतल्यावर रक्तातली सर्वाधिक पातळी होती मिलिलिटरला सुमारे ०.००६ मायक्रोग्रॅम. काहींच्या रक्तात तर ते सापडलंच नाही. पायपरीनसोबत ती सुमारे ०.१८ मायक्रोग्रॅम झाली, आणि ही वाढ मुख्यतः पहिल्या तासाभरातली होती. म्हणजे पाया जवळजवळ शून्य. खिशात एक रुपया असताना एकवीस झाले, तरी वाढ २००० टक्केच असते.

वहीत एक छोटं गणित करून बघा. माणसाच्या शरीरात साधारण ३ लिटर रक्तद्रव असतो. मिलिलिटरला ०.१८ मायक्रोग्रॅम धरलं, तर एका क्षणी सगळ्या रक्तद्रवात मिळून सुमारे अर्धा मिलिग्रॅम कर्क्युमिन होतं. गिळलं होतं २००० मिलिग्रॅम. (ऊतींत गेलेलं आणि आधीच बाहेर पडलेलं यात धरलेलं नाही, म्हणून हा फक्त अंदाज.) आता रेणुभार ३६८ घेऊन हीच पातळी मायक्रोमोलरमध्ये आणा. उत्तर येतं ०.५च्या आसपास. 'कर्क्युमिन अमुक पेशी मारतं' असं सांगणारे प्रयोगशाळेतले कितीतरी प्रयोग १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त पातळीवर केलेले असतात. दोन्ही पेपर आपापल्या जागी खरे असतील, पण ते एकमेकांना जोडता येत नाहीत. डबीवर मात्र ते जोडलेले असतात.

पेपरच्या बाजूने बोलायचं तर त्यात मूळ पातळ्या दिल्या आहेत, म्हणून तर आपण हे गणित करू शकलो. पण लेखकांची यादीही वाचायची सवय लावा. त्यातले मुहम्मद मजीद आणि आर. राजेंद्रन हे पायपरीनने पोषकद्रव्यांचं शोषण वाढवण्याच्या १९९६च्या अमेरिकन पेटंटवर शोधक म्हणूनही आहेत. यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत. पण ज्यांचा या निकालाशी व्यवहाराचा संबंध नाही, अशा कुणी तेच पुन्हा करून पाहिलंय का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता जरा मागे जाऊ. ही कल्पना पेटंटच्या फार आधीची आहे. सुंठ, मिरी, पिंपळी म्हणजे त्रिकटू, वैद्यांच्या रोजच्या वापरातलं. १९२९ साली कोलकात्याचे डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी नोंदवलं की अडुळशात पिंपळी मिसळली की दम्यावर त्याचा गुण वाढतो. पुढे जम्मूच्या प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि सहकाऱ्यांनी हा धागा उचलला, आणि त्यातून २००९ मध्ये 'रिसोरिन' ही क्षयाची कॅप्सूल बाजारात आली. तिच्यात रिफाम्पिसीन नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २००, सोबत आयसोनियाझिड ३०० आणि पायपरीन १० मिलिग्रॅम. इथे हेतू टक्के मिरवण्याचा नव्हता. महाग औषध कमी वापरून तीच पातळी गाठायची होती. हे काम मला मोलाचं वाटतं.

पण यावरून 'मिरीने सगळंच जास्त शोषलं जातं' असा नियम काढला तर फसाल. मुंबईच्या औषधशास्त्रज्ञ डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी सहकाऱ्यांसोबत १९८२ मध्येच त्रिकटू आणि रिफाम्पिसीनचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न तपासून घ्यायची सवय जुनी आहे. १९९८ मध्ये चंडीगडच्या पीजीआयमधल्या अभ्यासात त्रिकटू दिलेल्या बहुतेक सशांत आयसोनियाझिडची पातळी घटली. २००४ मध्ये मुंबईच्या संशोधकांना सशांतच डायक्लोफिनॅकची पातळी घटलेली दिसली. ससा म्हणजे माणूस नाही आणि त्रिकटू म्हणजे शुद्ध पायपरीन नाही, हे खरंच. तरी एवढं कळतं की उत्तर औषधागणिक बदलतं.

का बदलतं? कारण पायपरीन औषधाला ढकलत नाही, ते शरीराचा पहारा ढिला करतं. परक्या रेणूंना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर काढायचं काम आतडं आणि यकृत करतात. सीवायपी३ए४ हे विकर अनेक औषधं मोडतं. आतड्याच्या पेशींतला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप आत आलेलं परत बाहेर फेकतो. पायपरीन या तिघांनाही अडवू शकतं. पहारा ढिला झाला की कर्क्युमिन आत येतं, आणि त्याच दारातून बाकीचंही. अमेरिकेत २०२३ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल आला. त्यातला एक रुग्ण दगावला. तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी ३ मध्ये पायपरीन होतं. एवढ्यावरून पायपरीन दोषी ठरत नाही, पण 'नैसर्गिक आहे, काय होणार?' हे म्हणणंही टिकत नाही.

आत्याच्या बाबतीत तर प्रश्न आणखी जवळचा होता. तिला कित्येक वर्षांपासून फिट्ससाठी फेनिटॉइन चालू आहे. २००६ मध्ये अपस्माराच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पायपरीनच्या एका डोसनेही फेनिटॉइनची रक्तातली पातळी वाढलेली दिसली. फेनिटॉइनची सुरक्षित पट्टी अरुंद आहे, मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम. त्यातून ते मोडणारी विकरं लवकर भरून जातात, म्हणून थोडी वाढसुद्धा अचानक मोठी होऊ शकते. मग तोल जातो, डोळे थरथरतात. डबीतला डोस अभ्यासातल्या डोसपेक्षा कमी आहे हे मला दिसत होतं. पण रोज घ्यायचा डोस आणि अभ्यासातला एकच डोस यांची तुलना मी स्वयंपाकघरात बसून करणार नव्हते.

मी तिला म्हटलं, "आत्या, फिट्सच्या गोळीच्या डॉक्टरांना ही डबी दाखव. तोवर उघडू नकोस. आमटीतली मिरी चालू दे, ती एवढीशी असते." तिने विचारलं, "मग ते दोन हजार टक्के खोटं?" मी म्हटलं, "खोटं नाही. अर्धं आहे."

तुम्हाला एक काम सांगते. शोषण वाढवल्याचा दावा करणारा तुमच्या विषयातला एखादा पेपर काढा आणि चार गोष्टी लिहून काढा : पाया किती होता, कुणात मोजलं, शरीराचा कोणता पहारा हलवला, आणि रक्तातली पातळी वाढल्याने रुग्णाला बरं वाटलं का हे कुणी मोजलं. बहुतेक वेळा चौथी ओळ कोरी राहील. तुमचा संशोधनाचा प्रश्न तिथे असू शकतो.