खन्साच्या विलापिका आणि भावाचा वाटा

इस्लामपूर्व अरबस्तानातील स्त्रीविषयी लिहिणाऱ्यांत दोन पक्ष पडलेले दिसतात. सय्यद अमीर अलींच्या ‘द स्पिरिट ऑफ इस्लाम’ (१८९१) या ग्रंथातील भूमिका अशी, की स्त्री हीन अवस्थेत होती व नव्या धर्माने तिला वर आणले. रॉबर्टसन स्मिथ यांनी त्याआधीच, १८८५ साली, अरबांमध्ये एके काळी मातृवंशीय नातेसंबंध होते व स्त्रीला माहेरच्या कुळाचा आधार होता, असे प्रतिपादन केले होते. एका पक्षाला जिवंत पुरलेल्या मुली दिसतात, दुसऱ्याला खदीजेचे व्यापारी तांडे. दोन्ही गोष्टींना आधार आहे. पण या वादात काव्याला साक्षीदारापलीकडे कोणी किंमत देत नाही, आणि सोयीचे तेवढे वदवून घेऊन त्याला निरोप दिला जातो. अल्-खन्साच्या विलापिकांच्या वाट्याला हेच आले आहे.

तुमादिर बिन्त अम्र हे तिचे नाव. खन्सा ही उपाधी. सुलैम टोळीतील ही कवयित्री दोन्ही युगांत जगली. मुआविया व सख्र हे तिचे भाऊ टोळ्यांच्या चकमकींपायी सातव्या शतकाच्या आरंभी मृत्यू पावले; पुढे ६२९-३० च्या सुमारास टोळीबरोबर तिने इस्लाम स्वीकारला. दुरैद इब्न अस्-सिम्मासारख्या नामांकित वीराची मागणी तिने नाकारली आणि उकाजच्या बाजारात अन्-नाबिगासारख्या कवीपुढे आपले काव्य म्हटले, असे परंपरा सांगते. एवढ्यावरून तिला स्वातंत्र्याची मूर्ती ठरविण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

‘मर्सिया’ हा शब्द मराठी वाचकाला करबलाच्या शोकामुळे, अनीस व दबीर यांच्या उर्दू काव्यामुळे परिचित आहे. मूळ अरबी परंपरेत मात्र ही विलापिका मुख्यत्वे स्त्रियांच्या मुखातली होती, आणि ती केवळ शोकाची नव्हती. मृताचे गुण गाताना ती जिवंत पुरुषांना सूड उगवण्यास उद्युक्त करी. सुझान स्टेटकेविच यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात तिचा विचार टोळीच्या रक्तसूडाच्या विधीचा भाग म्हणून केला, तो मार्मिक आहे. स्त्रीला भर सभेत बोलण्याची मुभा होती हे खरे. पण काय बोलावे, हे टोळीने ठरवून दिलेले होते. स्वातंत्र्य म्हणावे असे त्यात थोडे, कर्तव्य फार.

तरीही खन्साचे काव्य विधीत मावत नाही. मुआवियाचा सूड सख्रने घेतला. सख्र मात्र जखमी होऊन दीर्घकाळ झिजून गेला, आणि तिच्या शोकाचा सारा भार या सख्रवरच आहे. त्याचे कारण परंपरेतील एका कथेत सापडते. खन्साच्या पतीने सारे धन उधळले, तेव्हा ती सख्रकडे गेली. त्याने आपल्या संपत्तीचे दोन भाग केले व उत्तम भाग तिला दिला. पुन्हा तसेच झाले. पुन्हा त्याने तसेच दिले. निम्मे देता ते देता, वर चांगले तेच का देता, म्हणून त्याची पत्नी कुरकुरली, तरी तो बधला नाही.

या कथेच्या प्रकाशात विलापिका वाचल्या की सख्रच्या औदार्याची स्तुती हा निव्वळ संकेत राहत नाही. दुष्काळात अन्न देणारा, अनाथांचा आधार, ही विशेषणे त्या परंपरेत कोणत्याही मृत वीराला लागतात. येथे त्यांच्यामागे एक जगलेला अनुभव उभा राहतो. बहिणीला जे मिळाले ते भावाच्या मनाच्या मोठेपणामुळे मिळाले. त्या मोठेपणाला कायद्याचे बळ नव्हते. भाऊ गेला की आधारही गेला. विलापातील ती भयाकुल आर्तता येथून येते.

कुराणाने नेमका हाच प्रदेश बदलला. चौथ्या सूऱ्यात कन्येला, पत्नीला, मातेला वारसा आहे. निपुत्रिक भावाच्या मागे एकट्या बहिणीला निम्मा वाटा आहे. मेहेर स्त्रीच्या हाती द्यावा आणि विधवेला वारशात मिळालेल्या वस्तूप्रमाणे घेऊ नये, हेही तेथेच सांगितले आहे. भावंडांत पुत्राचा वाटा कन्येच्या दुप्पट राहिला, हे लपविण्याचे कारण नाही. पण सख्रने जे औदार्याने दिले, त्याच जातीचे काही आता हक्काने मिळणार होते. त्याच वेळी आक्रोश करून मृताला रडणे हदीसांनी निषिद्ध मानले. जिला वाटा मिळाला, तिच्या विलापिकेची जुनी भूमी मात्र आक्रसली. यातील एकच बाजू सांगणारा इतिहास अपुरा ठरतो. अर्थात स्त्रीचा स्वर अजिबात बंद झाला नाही. उमय्या काळात लैला अल्-अख्यलिय्या तौबावर विलापिका रचतच होती.

हे सारे आपल्यापर्यंत पोचले ते पुढच्या शतकांतील पुरुष संकलकांच्या हातून, हेही ध्यानी घेतले पाहिजे. ताहा हुसैन यांनी १९२६ साली जाहिली काव्याच्या अस्सलपणावरच शंका घेतली होती. कादिसियाच्या युद्धात चार पुत्र पडल्यावर खन्साने ईश्वराचे आभार मानले, ही कथा त्यामुळे जपून वाचावी. धर्मनिष्ठेचा आदर्श म्हणून ती फारच नीटस आहे. तिची कीर्ती भावांवरील विलापिकांवर उभी राहिली, पुत्रांवरील नव्हे. या मौनाचा अर्थ श्रद्धा, की रडण्याची रीतच उरली नव्हती, हे ती कथा सांगत नाही.

दुसरी एक कथा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती कोणालाच पुरती सोयीची नाही. इस्लाम स्वीकारून वर्षे लोटली तरी खन्सा शोकाचे जाडेभरडे केसाळ वस्त्र घालीत असे. आयेशेने तिला टोकले: प्रत्यक्ष पैगंबर गेले, तेव्हा आपणही असे वस्त्र घातले नव्हते. खन्साने वाद केला नाही. सख्रने संपत्तीचे दोन भाग करून चांगला भाग आपल्याला कसा दिला, ती हकीकत तिने सांगितली, आणि ते वस्त्र अंगावर तसेच ठेवले.