खरा जीवाश्म कशाला म्हणायचे?

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी जीवाश्मांची पेटी विकत मिळते. रत्नांच्या दुकानांत आणि पर्यटनस्थळी सुटे नमुनेही असतात: मोरोक्कोचे ट्रायलोबाइट, मादागास्करचे कापून झिलई दिलेले ॲमोनाइट, आत कीटक असलेले अंबर. नमुना हातात आला की पहिला प्रश्न येतो, हा खरा की बनावट? या प्रश्नासाठी घरगुती चाचण्यांच्या याद्याही उपलब्ध आहेत. त्या निरुपयोगी नाहीत, पण त्यांतून जेवढे कळते त्यापेक्षा फार जास्त कळल्याचा समज त्या करून देतात. शिवाय त्या जो प्रश्न विचारतात, तोच मुळात अपुरा आहे. या दोन आक्षेपांविषयी इथे लिहीत आहे.

आधी चाचण्या पाहू. अंबर मिठाच्या पाण्यात तरंगते, हे सर्वांत लोकप्रिय सूत्र. अंबरची घनता साधारण १.०५ ते १.१० असते आणि मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्याची सुमारे १.२. त्यामुळे अंबर तरंगते, काच आणि बॅकेलाइट बुडतात. इथपर्यंत ठीक. पण पॉलिस्टायरिन हे प्लॅस्टिकही या पाण्यात तरंगते, आणि कोपल ही अंबरपेक्षा कितीतरी तरुण असलेली राळही तरंगते. म्हणजे बुडाले तर ते अंबर नाही, हे नक्की सांगता येते. तरंगले तर ते अंबरच आहे, असे म्हणता येत नाही.

आम्लाच्या चाचणीचेही तसेच. चुनखडकातल्या जीवाश्मावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. पण रेझिनमध्ये चुनखडकाची पूड मिसळून ओतलेल्या नकलेवरही ते येतात. उलट ज्या जीवाश्मात मूळ द्रव्याची जागा सिलिकाने घेतली आहे, तो अस्सल असूनही शांत राहतो. आणि आम्लाचा डाग कायमचा राहतो, तो वेगळाच.

त्यापेक्षा साधे भिंग जास्त कामाचे. रेझिनमध्ये ओतलेल्या ट्रायलोबाइटच्या अंगावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक गोल छिद्रे दिसतात. एकाच साच्यातून निघालेले दोन नमुने शेजारी ठेवले, तर त्यांचे दोषसुद्धा जुळतात. ट्रायलोबाइट बाहेर काढताना खडक हातोड्याने फोडावा लागतो, म्हणून खडकातली भेग प्राण्याच्या अंगातूनही सलग गेलेली दिसली तर ती चांगली खूण समजावी. भेग प्राण्याच्या कडेपाशी येऊन थांबत असेल, तर शंका घ्यावी. तरीही एक मर्यादा राहतेच. भिंगाने नमुना नापास करता येतो. पास झाल्याचा दाखला भिंग देत नाही. विद्यार्थ्यांना हा तर्क समजावून देता आला, तर बनावट नमुन्याचेही पैसे वसूल झाले म्हणायचे.

आता दुसरा आक्षेप. 'खरा की बनावट' या प्रश्नात असे गृहीत धरलेले असते की सगळे द्रव्य खरे असले म्हणजे जीवाश्म खरा. हे गृहीत किती महागात पडू शकते, हे १९९९ साली साऱ्या जगाला दिसले. चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील एक शिळाखंड अमेरिकेत टूसॉन येथील खनिजांच्या बाजारात ८० हजार डॉलरला विकला गेला. त्यावर अर्धा पक्षी आणि अर्धा डायनोसॉर असा प्राणी दिसत होता. 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन्ही नियतकालिकांनी त्यावरचा शोधनिबंध नाकारला. टेक्सासमधील टिमथी रो यांनी जुलै १९९९ मध्ये त्याची सीटी स्कॅनने तपासणी केली आणि हे जोडकाम असावे अशी शंका मालकांना बोलून दाखवली. तरीही 'नॅशनल जिओग्राफिक'च्या नोव्हेंबर १९९९ च्या अंकात हा प्राणी 'आर्किओरॅप्टर' या नावाने थाटात झळकला.

पुढचा उलगडा चिनी संशोधक शू शिंग यांनी केला. थराळ खडक उकलला की जीवाश्म उघड्या पुस्तकाच्या दोन पानांसारखा दोन्ही बाजूंना उमटतो. शू शिंग यांना चीनमध्ये त्याच शेपटीची दुसरी बाजू सापडली, आणि तिला जोडलेले शरीर होते एका चिमुकल्या डायनोसॉरचे. या डायनोसॉरला पुढे 'मायक्रोरॅप्टर' हे नाव मिळाले. पुढचा भाग 'यानॉर्निस' या प्राचीन पक्ष्याचा निघाला. रो यांच्या २००१ च्या लेखाप्रमाणे शिळाखंडात ८८ तुकडे होते. दोन पाय म्हणून बसवलेले भागही मुळात एकच पाय होता. उकललेल्या खडकाच्या दोन बाजू डावा आणि उजवा म्हणून लावल्या होत्या.

यात बनावट द्रव्य जवळजवळ काहीच नव्हते. हाडे खरी होती, खडक खरा होता. आपल्या यादीतल्या बहुतेक चाचण्या हा नमुना सहज उत्तीर्ण झाला असता. खोटे होते ते तुकड्यांमधले नाते. ते जोडण्यामागचे कारणही साधे होते: तुटक्या नमुन्यापेक्षा पूर्ण नमुन्याला जास्त पैसे मिळतात. ही मागणी ग्राहक निर्माण करतो, हे आपण विसरू नये. 'नॅशनल जिओग्राफिक'ने ऑक्टोबर २००० मध्ये आपल्याच चुकीची चौकशी छापली, हे मात्र त्या मासिकाच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

याहून गंभीर उदाहरण आपल्या देशातले आहे. चंदिगढच्या पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातील जीवाश्मांवर अनेक वर्षे लेखन केले. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलंट यांनी १९८९ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, हिमालयातले म्हणून सादर केलेले काही नमुने मोरोक्कोतील एरफूद आणि न्यूयॉर्क राज्यातील ॲम्सडेल क्रीक यांसारख्या परदेशी ठिकाणांच्या नमुन्यांशी तंतोतंत जुळतात. यातल्या एरफूदचे जीवाश्म तर व्यापारात सर्रास मिळतात. इथे जोडकामही नव्हते. जीवाश्म पूर्णपणे अस्सल होते, खोटा होता तो पत्ता. पण त्या पत्त्यावर विश्वास ठेवून इतरांनी थरांची वये ठरवली, प्राचीन समुद्रांचे अंदाज बांधले, आणि ते सारे पुन्हा तपासावे लागले. बनावट ट्रायलोबाइटने एका ग्राहकाचे नुकसान होते. खोट्या पत्त्याने एका पर्वताचा इतिहास गढूळ होतो.

म्हणून विकतच्या पेटीवर माझा खरा आक्षेप तिच्यातल्या चिठ्ठीवर आहे. 'ॲमोनाइट, १५ कोटी वर्षे' एवढेच लिहिलेले असेल, तर हे वय कोणी व कशावरून ठरवले? वय ठरते ते थरावरून, आणि थर कळतो ठिकाणावरून. ठिकाणच दिले नसेल, तर ते वय म्हणजे केवळ ऐकीव गोष्ट. खरेदी करताना विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात: नमुना कोणत्या गावाजवळचा, कोणत्या थरातला, कोणी गोळा केला, आणि दुरुस्ती किंवा जोडकाम किती? उत्तरे लेखी मागावीत.

पत्ता मिळाला की तोही तपासता येतो, आणि त्यासाठी आपल्या भूगोलाचे ज्ञान पुरते. समजा, कोणी सह्याद्रीच्या काळ्या कातळातला ॲमोनाइट म्हणून नमुना दाखवला. ॲमोनाइट समुद्रात राहत, आणि आपला काळा कातळ म्हणजे जमिनीवर पसरून थिजलेला लाव्हा. असा पत्ता संभवत नाही. कच्छ, स्पिती किंवा तमिळनाडूतील अरियलूर सांगितले, तर पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. त्याचप्रमाणे लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या अकीकात हिरवट-काळ्या शेवाळासारखी नक्षी दिसते. ती मँगनीज, लोह यांसारख्या धातूंच्या खनिजांची असते. वनस्पतीचा तिच्याशी काही संबंध नाही. हा दगड खरा असतो, पण जीवाश्म नसतो.

शाळेला प्रतिकृतीचे वावडे असण्याचे मुळीच कारण नाही. मूळ नमुना कुठला हे सांगणारी, 'प्रतिकृती' असा स्पष्ट शिक्का असलेली प्लॅस्टरची वस्तू ही निनावी अस्सल जीवाश्मापेक्षा चांगले शैक्षणिक साधन आहे, कारण ती खोटे बोलत नाही. आपल्या प्रयोगशाळेतली पेटी एकदा विद्यार्थ्यांसमोर उघडावी. प्रत्येक नमुन्याबाबत काय माहीत आहे, कशावरून माहीत आहे आणि काय माहीत नाही, असे तीन रकाने फळ्यावर आखावेत. तिसरा रकाना सर्वांत लांब होईल. तो तसाच वहीत उतरवून घेऊ द्यावा.