साथीचा डावा हात

कॅसलरॉकपासून लोंढा, खानापूरपर्यंतच्या पट्ट्यात गणपतीत किंवा जत्रेत गाण्याचा कार्यक्रम ठरला की त्याचा वाद्यवृंद आता बहुतेक दोघांचाच असतो. एक कीबोर्डवर, दुसरा ऑक्टोपॅडवर. पुष्कळदा ऑक्टोपॅडवालाही नसतो. गाणी मात्र चार भाषांतली: मराठी भक्तिगीत, जुन्या हिंदी सिनेमातलं युगुलगीत, एखादं कन्नड, आणि शेवटाकडे देखणी या कोकणी नाचगाण्याची फर्माईश. एवढ्या सगळ्यांचा ठेका, बेस, गिटार आणि व्हायोलिनचा ताफा एकाच यंत्रातून येतो. वादकाने डाव्या हाताने कॉर्ड धरायची, उजव्याने चाल वाजवायची. बाकीचं यंत्र सांभाळतं. गायक कसा गायला याची आपण चर्चा करतो, तबला कसा लागला हेही बोलतो. या डाव्या हाताच्या साथीबद्दल मात्र कोणी गंभीरपणे लिहीत नाही. लिहायला हवं, कारण एकाच यंत्रावर चांगली साथ आणि वाईट साथ यांत जे अंतर पडतं ते फार मोठं आहे.

कॅसलरॉकच्या संदर्भात हा विषय मला आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली. त्याआधी गोव्यातून मुंबईला रेल्वेने जायचं तर दूधसागरचा घाट चढून कॅसलरॉक आणि पुढे लोंढा हाच मार्ग होता. १९६१पर्यंत इथे पोर्तुगीज गोव्याची सरहद्द होती आणि सामानाची तपासणी व्हायची. या सरहद्दीपलीकडून मुंबईला गेलेल्या गोव्याच्या वादकांनी तिथल्या सिनेसंगीतात जे काम केलं, त्याला तोड नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड या अरेंजरांनी पेटीवर बांधलेल्या एकेरी चालीखाली स्वरांचे थर रचले, आणि ते रचताना चालीतला राग दुखावणार नाही याची काळजी घेतली. आजचं अरेंजर कीबोर्ड नेमकं हेच काम उचलायला बघतं. फरक एवढाच की त्या माणसांनी गाणं ऐकून मग वाद्यमेळ लिहिला. यंत्रातला वाद्यमेळ गाणं ऐकण्याआधीच लिहून तयार असतो.

त्यामुळे या कलेचा सारा भार वगळण्यावर आहे. कारखान्यातून आलेली स्टाईल, म्हणजे साथीचा तयार नमुना, दुकानात गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी भरगच्च केलेली असते. ड्रम, वेगळं पर्कशन, बेस, दोन कॉर्डवाद्यं, मागे पसरलेला पॅड, वर एक-दोन लहान फ्रेजेस. हे सगळं एकदम सोडलं तर गायकाला उभं राहायला जागा उरत नाही. जाणता वादक मिक्सरच्या पानावर जाऊन आधी फ्रेजेस बंद करतो, मग बहुधा दुसरं कॉर्डवाद्य, आणि साथीचा एकूण आवाज उजव्या हातापेक्षा स्पष्ट कमी ठेवतो. पत्र्याच्या मांडवात, त्यात श्रावण-भाद्रपदातला इथला पाऊस वर कोसळत असताना, बेस आणि रिव्हर्ब दोन्ही उतरवावेच लागतात. मांडवाचा स्वतःचा घुमारा पुरेसा असतो. मी ऐकलेल्या बहुतेक कार्यक्रमांत ही साधी गोष्टही झालेली नसते. स्टाईल जशी आली तशी वाजते आणि गायक तिच्याशी झगडत राहतो.

खरी परीक्षा रागातल्या चालीची. मालकंसातलं भक्तिगीत घ्या. मालकंसात पंचम वर्ज्य. साधी मायनर कॉर्ड धरली की यंत्र लगेच पंचम वाजवतं, आणि बेसची सवयच सा-प, सा-प अशी असल्यामुळे तो प्रत्येक मापात वाजतो. गायक गंधारावर आंदोलन देत असताना खालून पंचम आला तर राग तिथेच विस्कटतो. पुष्कळजण यावर उपाय म्हणून कॉर्डच सोडून देतात आणि नुसता ठेका ठेवतात. तेही चालतं, पण यामाहाच्या कीबोर्डांत याहून चांगली वाट आहे. मूळ स्वर आणि त्याचा पाचवा स्वर एवढेच दोन दाबले तर यंत्र ती कॉर्ड म्हणून ओळखतं आणि मधला तिसरा स्वर गाळतं. ही जोडी षड्जावर न धरता मध्यमावर धरायची. मध्यमाचा पाचवा स्वर म्हणजे वरचा षड्ज. मग बेस म-सा, म-सा असा चालतो, पॅडमध्येही तेच दोन स्वर भरतात, पंचम कुठून डोकावत नाही. मालकंसाला तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात मिळवतात, त्यामागचा विचार हाच आहे. ज्या वादकाला हे सुचलं त्याने यंत्राला तानपुरा जुळवल्यासारखं जुळवलं, असं मी म्हणेन. भैरवी, यमन यांनाही प्रत्येकाची अशी वेगळी तजवीज लागते. ती रियाजातून आणि रागाच्या ओळखीतून येते, यंत्राच्या पुस्तिकेत सापडत नाही.

दुसरी जागा फिलची. मुखड्यावरून अंतऱ्याकडे जाताना व्हेरिएशन बदलायचं, तर ऑटो-फिल चालू असल्यास मध्ये ड्रमचा तुकडा येतो. बटण वेळेत दाबलं तर तो त्याच मापाच्या उरलेल्या मात्रांत बसतो. मापाच्या अगदी शेवटाला दाबलं तर तो पुढच्या मापावर ढकलला जातो, म्हणजे ऐन समेवर गायकाचा शब्द येतो आणि त्याच्यावर टॉमचा गडगडाट. भावगीताला हा मार सोसत नाही. तिथे ऑटो-फिल बंद करून नुसतं व्हेरिएशन बदलणं उत्तम. मधल्या म्युझिक पीससाठी फिल राखून ठेवावा, तिथे तो शोभतो. आणि मुखड्याआधी गायक मोकळी आलापी करणार असेल तर सिंक-स्टॉप चालू ठेवावा: डावा हात उचलला की ठेका थांबतो, ठेवला की पहिल्या मात्रेपासून सुरू होतो. इतकी उपयोगी सोय इतकी कमी वापरली जाते याचं मला वाईट वाटतं.

लयीबाबत यंत्राची मर्यादा सर्वांत उघडी पडते. भजनी ठेक्यातला अभंग एका लयीत सुरू होतो आणि गजराकडे सरकत जातो. पखवाजवादक ही वाढ टाळकऱ्यांच्या हातांवरून ओळखतो. यंत्र आकड्यावर चालतं, त्याला ९२ सांगितले तर रात्रभर ९२. वाढ द्यायची तर टेम्पोचं बटण आवर्तनाच्या अखेरीस एकेका आकड्याने चढवायचं, म्हणजे कोणाला धक्का न बसता लय वर जाते. टॅप-टेम्पोने एकदम उडी घेतली की टाळ मागे पडतात. शिवाय पाश्चात्त्य स्टाईलमधला दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा स्नेअर भजनी ठेक्याचं वजन पार बिघडवतो. तो आवाज काढून तिथे झांज घालणं आजच्या मधल्या किमतीच्या यंत्रांवरही शक्य आहे, आणि ते केल्यावर अभंग ओळखीचा वाटू लागतो. सात मात्रांच्या रूपकासाठी किंवा दहाच्या झपतालासाठी तयार स्टाईल क्वचितच मिळते. ती स्वतःच बांधावी लागते.

ट्रान्सपोजच्या बटणाबद्दल माझं मत कडक आहे. गायिकेची पट्टी काळी पाच, गायकाची काळी एक, आणि वादक दोघांसाठी एकाच पांढऱ्या पट्टीत बोटं फिरवतो. कार्यक्रमाच्या धावपळीत ही सोय समजू शकते. पण वर्षानुवर्षं असं वाजवणाऱ्याचा डावा हात तीन-चार कॉर्डच्या पलीकडे जात नाही.

जगात या यंत्रांचं काय काय झालं ते पाहण्यासारखं आहे. वुर्लित्झर कंपनीने १९५९ साली साइड मॅन नावाची ठेक्याची पेटी काढली; आत चकती फिरायची आणि तिच्यावर ठरावीक ताल निघायचे. पुढे कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डातला एक तयार रॉक ठेका जमैकातल्या तरुणांनी संथ करून वापरला आणि १९८५ साली त्यावरून तिथल्या संगीताची दिशा बदलली. सीरियातल्या दब्के नाचाच्या लग्नगाण्यांत रिझान सईदसारख्या वादकाने कीबोर्डातून सनईसारख्या झुर्न्याचा आवाज आणि पावस्वरांचा मकाम, म्हणजे तिथला राग, उभा केला. अरबी वादकांची गरज एवढी ठाम होती की यामाहाला त्यांच्यासाठी पीएसआर-ए ही वेगळी मालिका काढावी लागली.

आपल्यासाठीही पीएसआर-आय मालिका निघाली, तीत तबला, तानपुरा, भारतीय वाद्यांचे आवाज आहेत. तिचं मोल आहे, पण तिथल्या स्टाईल ‘भारतीय’ म्हणजे साधारण हिंदी सिनेमाच्या. लावणीची ढोलकी, भजनी ठेका, गोंधळाचं संबळ यांचं काम स्थानिक वादकांनाच करावं लागतं, आणि काहीजण ते मन लावून करतात. त्यांनी बांधलेल्या स्टाईल पेन ड्राइव्हवरून एका हातातून दुसऱ्या हातात जातात. वाटेत बांधणाऱ्याचं नाव गळतं. मोठ्या मॉडेलसाठी बांधलेली स्टाईल लहान मॉडेलवर टाकली की गिटारच्या तारा घासल्याचे आवाज भलत्याच सुरांवर येतात, कारण मेगा व्हॉइस प्रकारच्या गिटारमध्ये बोट किती जोराने पडलं त्यावर सूर की घर्षण हे ठरतं आणि लहान यंत्राला तो संकेत कळत नाही. अशा वेळी त्या भागाला साधा गिटारचा आवाज नेमून, जोराच्या टोकाच्या नोंदी पुसाव्या लागतात. एका संध्याकाळचं काम आहे. बहुतेक ठिकाणी ते न करता तशीच स्टाईल मंचावर येते.

कॅसलरॉकसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात सर्वांत जास्त उणीव भासते ती देखणीच्या वेळी. तिची चाल यंत्रातल्या तयार ठेक्यावर बसवतात, मग ती मोजायला बरोबर येते आणि ऐकायला परकी वाटते. तिला घुमट हे गोव्याचं तालवाद्य हवं. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला वारसावाद्याचा मान दिला, पण मी पाहिलेल्या एकाही कारखानी ड्रम-संचात त्याचा आवाज नाही. डग्ग्याचा आवाज एक-दोन सूर उतरवून, त्याचा गुंजन आखडून वादक वेळ निभावतात. यंत्रं आता बाहेरचे आवाज भरून घेतात. घुमटाचा एखादा जाणता वादक आणि एक बरा माइक मिळाला, तर उघडा ठोका, दाबलेला ठोका आणि कडेचा ठोका असे तीन आवाज टिपून, त्यांवर देखणीची एक आणि दुलपद या कोकणी गीतप्रकाराची एक अशा दोन स्टाईल बांधता येतील, बांधणाऱ्याच्या नावासकट.