मरणाऱ्यालाही चेहरा हवा

‘विनी-द-पू : ब्लड अँड हनी’ हा ब्रिटिश स्लॅशर भयपट एक लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात तयार होऊन २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याने ५० लाख डॉलरहून अधिक कमावले. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला. तेव्हापासून कमी पैशांतल्या भयपटाचा विषय निघाला की हाच दाखला पुढे येतो. मराठीने हा कित्ता गिरवू नये, एवढ्याचसाठी हा लेख. विनी-द-पू या अस्वलाच्या, ए. ए. मिल्न यांनी मुलांसाठी लिहिलेल्या १९२६ च्या पुस्तकावरचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क २०२२ च्या सुरुवातीला संपला आणि निर्मात्यांना अस्वल आयतंच मिळालं. कथाबीज मात्र खरोखर भेदक आहे. मुलगा शिकायला निघून जातो, रानातले सवंगडी उपाशी पडतात, भुकेपोटी आपल्यातल्याच गाढवाला खातात आणि माणसाचा द्वेष करू लागतात. टाकून दिलेल्यांची ही भूक चित्रपट सुरुवातीच्या काही रेखाचित्रांत उरकतो आणि भाड्याच्या घरात उतरलेल्या मुलींकडे वळतो. त्या एकामागून एक मरतात. कोण मेली याचा पत्ता लागेपर्यंत पुढचीवर घाव पडलेला असतो. एकीच्या वाट्याला जुन्या पाठलागाची आठवण आली आहे, पण तिच्यातूनही काही उगवत नाही. रबरी मुखवटा काढून दुसरा चढवला तरी एकही प्रसंग बदलावा लागणार नाही, आणि माझ्या लेखी हाच त्याचा मूळ दोष आहे. अंधुक छायाचित्रण, सपाट संवाद हे दोष त्यानंतरचे.

यावर ठरलेलं उत्तर येतं की भडक धंदेवाईक सिनेमाकडून एवढी अपेक्षाच का करायची. अपेक्षा करायची, कारण याच ब्रिटिश परंपरेने ती पूर्वी पुरी केली आहे. पीट वॉकर यांचा ‘फ्राइटमेअर’ (१९७४) तितकाच स्वस्त आणि तितकाच रक्ताळलेला. पण शीला कीथ यांनी उभी केलेली नरभक्षक म्हातारी वेड्यांच्या इस्पितळातून ‘बरी’ होऊन घरी येते, नवरा सगळं समजून तिला पाठीशी घालतो, आणि कुटुंबाची माया व संस्थेचं प्रमाणपत्र या दोन्हींवरचा आपला भरवसा उडतो. उलट ‘डोन्ट ओपन टिल ख्रिसमस’ (१९८४) बघा. लंडनमध्ये सांताक्लॉजच्या वेशातली माणसं मारली जातात, दिग्दर्शन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं आणि ती ठिगळं पडद्यावर उघडी पडतात. हात आखडता दोन्ही चित्रपटांचा होता, म्हणून पैशाची सबब मला मान्य नाही.

भीतीआधी माणूस उभा राहावा लागतो, हे मराठीत सर्वांत स्वच्छ दिसतं ते विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७). ‘लपाछपी’त गरोदर नेहा उसाच्या फडातल्या एकाकी घरात येते. ऊस माणसापेक्षा उंच, वाट दोन पावलांवर हरवणारी, आणि त्या घरातल्या तुळसाबाईच्या प्रेमळ बोलण्यात काहीतरी खुपणारं. पूजा सावंत यांची नेहा घाबरण्याआधी माणूस म्हणून आपल्या ओळखीची होते, त्यामुळे तिच्या पोटातल्या जिवाची काळजी आपलीही होते. भीतीची मुळं स्त्रीभ्रूणहत्येत आहेत आणि ती महाराष्ट्राच्याच मातीत रुजलेली आहेत. शेवटाकडे चित्रपट उपदेश करू लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण तोवर भीतीने आपलं काम केलेलं असतं, उपदेश तिच्यामागून येतो. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये ‘छोरी’ नावाने ही गोष्ट हिंदीत नेली, म्हणजे मातीला धरून राहिलेली भीती परमुलखातही पोचते.

मग मराठी भयपट आणखी पुढे का सरकत नाही? अशा भीतीची माती आपल्याकडे आणखीही आहे. वर्धा जिल्ह्यातलं नाचणगाव घ्या. शेजारी पुलगाव, तिथे लष्कराचं दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली, विझवणारे जवान आणि अधिकारी मेले, आसपासच्या गावांतली माणसं अंधारात घरं सोडून निघाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळच्या सोनेगाव आबाजी शिवारात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवर आलेले स्थानिक मजूरही होते. हा मुलूख भयपटाचा नाही असं कोण म्हणेल? मृतांच्या दुःखावर पैसे कमावण्याचा धोका इथे आहेच. पण तो धोका नावगाव पुसलेल्या प्रेतांचा ढीग रचणाऱ्या सिनेमात अधिक आहे, कारण तिथे मेलेल्याचं घर, त्याची मजुरी, त्याच्या मागे राहिलेली माणसं दाखवण्याची गरजच कुणाला वाटत नाही. मजूर त्या कामावर का जातो, दुसरं कोणतं काम त्याला मिळालं नाही, संध्याकाळी घरचे वाट बघताना कोणत्या आवाजाने दचकतात, हे दाखवायला लाखो डॉलर लागत नाहीत. स्फोट उभा करायला पैसा लागतो, हे खरं. तो परवडत नसेल तर दाखवू नये. पण त्यावाचून अडलं म्हणून मुखवटा घालून कोयता हाती घेणाऱ्या दिग्दर्शकाने आपल्याकडे पैसे नव्हते असं सांगू नये. त्याला मरणाऱ्या माणसाबद्दल कुतूहलच नव्हतं.